सार्दिक स्वागत

आमच्या घरी सातला हात म्हणतात. साखरेला हाखर, सुकटीला हुकट, सकाळला हकाळ. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या ज्या वस्तीत मी वाढलो तिथं सगळेच असं बोलतात, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे असं मला लहानपणी कधी वाटलंच नाही. शाळेतले मास्तर बाहेरचे होते, पण त्यांनाही आमची सवय होऊन गेलेली. "हजर, हर" असं आम्ही ओरडायचो आणि ते पुढचं नाव घ्यायचे.

मी आता चोपन्न वर्षांचा आहे. तलासरी तालुक्यात, उधव्याच्या बाजूला, एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. गेली नऊ वर्षं तिथं पर्यवेक्षक आहे. माझे उच्चार स्वच्छ आहेत अशी माझी ख्याती आहे, इतकी की आसपासच्या कुठल्याही कार्यक्रमाला सूत्रसंचालन माझ्याकडे येतं. ही ख्याती मी कशी मिळवली आणि ती राखायला एका बाईंच्या पोटावर कसा पाय दिला, ते लिहायला बसलोय. मला फार बोलायची सवय नाही. सूत्रसंचालन वेगळं, तिथं दुसऱ्यांबद्दल बोलायचं असतं.

बारावीनंतर मी घाटावरच्या एका शहरात शिकायला गेलो. वसतिगृहात पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की आपण जिथं 'ह' म्हणतो तिथं हे लोक 'स' म्हणतात. नियम सोपा वाटला. तोंडात 'ह' आला की 'स' करायचा, झालं. वर्गात सरांनी एकेकाला उभं करून घरची माहिती विचारली. माझी पाळी आली तसा मी उठून, जपून, एकेक शब्द तोलून म्हणालो, "माझे वडील मासेमारी करतात. आमची स्वतःची सोडी आहे."

"काय आहे?"

"सोडी. समुद्रात नेतात ती."

वर्ग हसला. सरही हसले, पण त्यांनी तोंड फळ्याकडे फिरवलं. पुढची तीन वर्षं माझं नाव सोडीवाला होतं.

त्या दिवशी मी एक वही केली. डाव्या बाजूला मुळातच 'ह' असलेले शब्द, उजव्या बाजूला आपल्याकडे येऊन 'ह' झालेले. होडी, हळद, हिरवा डावीकडे. साखर, सोमवार, सावली उजवीकडे. हात दोन्हीकडे होता, कारण हात दोन प्रकारचे होते, एक खांद्याला लागलेला आणि दुसरा सहानंतर येणारा. ती वही मी पाठ केली. रोज पहाटे गच्चीवर जाऊन वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं. तिसऱ्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळालं तेव्हा ज्यांनी मला नाव ठेवलं होतं त्यांच्यातलाच एकजण म्हणाला, तुला ऐकून कोणी म्हणणार नाही. काय म्हणणार नाही ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

नोकरी लागली ती तलासरीकडे. घरापासून तासा-दीड तासावर, पण आमच्या वस्तीतलं तिथं कोणी नव्हतं. घरमालकांनी विचारलं, मूळचे कुठले. मी म्हणालो, ठाण्याचे. तेव्हा आमचा जिल्हा ठाणेच होता, त्यामुळे हे खोटंही नव्हतं. पुढे पालघर जिल्हा वेगळा झाला तरी मी ठाण्याचाच राहिलो.

बायको आमच्या शेजारच्याच वस्तीतली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती शेजारणीकडे वाटीभर हाखर मागून आली. मी तिला म्हणालो, इथं जरा नीट बोलत जा. तिनं विचारलं, "नीट म्हंजे कहं?" तिनं तिचा मार्ग काढला, बोलणंच कमी केलं. शेजारी म्हणायचे, वहिनी फार शांत आहेत हो. मी म्हणायचो, हो, पहिल्यापासूनच. माहेरी जाताना चारोटीच्या नाक्यावरून गाडी डहाणूकडे वळली की तिला कंठ फुटायचा. तिथून पुढे किनारा येईपर्यंत ती बोलत असायची, शेजारच्या अनोळखी बाईशीसुद्धा. मी खिडकीबाहेर बघत बसायचो.

अशी वीस-पंचवीस वर्षं गेली आणि आमच्या शाळेत गणिताला एक बाई आल्या, शिक्षणसेवक म्हणून. म्हणजे तीन वर्षं कच्ची नोकरी, नंतर संस्थेनं ठरवलं तर कायम. आमच्या वस्तीपासून दोन वस्त्या पलीकडच्या. घरच्या बायका मासळी बाजारात बसतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी आपण होऊन सांगितलं, आणि सांगितलं ते घरच्याच बोलीत. "नमस्कार, हर. मी आजपाहून आले."

शिक्षकांच्या खोलीत हसू पसरलं. आमचे खेळाचे सर जरा वात्रट. चारच दिवसांत त्यांनी विचारलं, "बाई, हात हत्ते किती?"

"एकोणपन्नाहच, हर," बाई म्हणाल्या. "तुमचे किती होतात?"

त्या वरमल्या नाहीत आणि बदलल्याही नाहीत. ठरवून बोलल्या तर 'स' त्यांना नीट यायचा, पण त्याच्या मागे लागायला त्यांना वेळ नव्हता. वर्गात फळ्यावर 'सात' लिहायच्या आणि तोंडानं हात म्हणायच्या. मुलांना सांगायच्या, लिहायचं असं, बोला तुमच्या घरचं. आमच्याकडची बरीच मुलं पाड्यांवरची. त्यांची बोली आमच्यासारखी नाही, पण पुस्तकासारखीही नाही. माझ्या तासाला ती मुलं खाली बघून बसतात, कारण तोंड उघडलं की चूक निघणार हे त्यांना ठाऊक असतं. बाईंच्या तासाचा गलका मला माझ्या वर्गात ऐकू यायचा. मी शिपायाला पाठवून तो बंद करायला सांगायचो.

आता जे लिहितोय ते लिहायला जड जातंय. खेळाच्या सरांना बाईंची नक्कल करायची हौस होती, पण त्यांना ती जमायची नाही. एकदा चहाच्या वेळी ते मला म्हणाले, सर, तुम्ही करा ना, तुमची जीभ तयार आहे. मी केली. बाई हजेरी घेतात कशी, पोरांना रागावतात कशी, फोनवर आईशी बोलतात कशी. लोकांच्या हातातला चहा सांडला. नंतर ते रोजचंच झालं. सगळे म्हणायचे, सरांना जमतं कसं. जमायचं, कारण मी नक्कल करतच नव्हतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी शाळेत घरचं बोलत होतो, लोक हसत होते आणि मला बरं वाटत होतं. एकदा बाई दारात उभ्या होत्या. कधीपासून ते ठाऊक नाही. त्या आत आल्या, टेबलावरचं हजेरीपुस्तक उचललं आणि तासाला गेल्या.

त्यांच्या तिसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनाला मी नेहमीप्रमाणे सूत्रसंचालनाला होतो. पाहुणे यायला उशीर झाला. मी रंगमंचाच्या बाजूला कागद घेऊन बसलो होतो आणि शेजारच्या खुर्चीवर बाई फोनवर आईशी बोलत होत्या. होड्या लागल्या का, बोंबील हुकायला घातले का, असं सगळं. दहा मिनिटं ते माझ्या कानात जात राहिलं. दहा मिनिटं मी माझ्या जिभेवर पहारा ठेवून बसलो. पाहुणे आले, मला खूण झाली, मी माइकपुढे गेलो आणि भरलेल्या मैदानासमोर खणखणीत आवाजात म्हणालो, "आपल्या सर्वांचं सार्दिक स्वागत."

कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही. मुख्याध्यापक नंतर म्हणाले, जीभ अडखळली वाटतं, उन्हाचं होतं असं. पण कार्यक्रम संपल्यावर बाई पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि हळूच विचारलं, "हर, तुम्ही कुठच्या बंदराचे?"

मी म्हणालो, मी ठाण्याचा.

बाई हसल्या. चिडवायला नव्हे, प्रवासात गाववाला भेटल्यावर माणूस हसतो तशा. "ठाण्याचा माणूह 'सार्दिक' नाय बोलत, हर. ते आपलेच लोक बोलतात, घाबरले की. माझा आतेभाऊ हाहेबापुढं हळदीला सळद बोलतो." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "मी कोणाला नाय हांगणार. मला बरं वाटलं एवढंच. इथं आपलं कोणी आहे."

माझी नक्कल त्यांनी ऐकलेली होती. तरी हे म्हणाल्या.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी नीट जेवलो नाही. बाई कोणाला सांगणार नाहीत हे मला पटलेलं होतं, आणि तेच सहन होत नव्हतं. आपल्याला आतून ओळखणारं माणूस रोज समोरून "नमस्कार, हर" म्हणत जातं, आणि त्या नमस्कारात आता काहीतरी जास्तीचं आहे, असं मला वाटायचं. नव्हतं काही. माझ्या मनाचेच खेळ.

मार्चमध्ये मी त्यांचा पाठ बघायला गेलो. पर्यवेक्षक म्हणून ते माझं काम. पाठ बघून शेरेबुकात शेरा लिहायचा, शिक्षकानं तो वाचून खाली सही करायची, आणि कायम करताना संस्थेची समिती तेच शेरे बघते. पाठ अपूर्णांकांचा होता. बाईंनी भाकरीचे तुकडे करून शिकवला आणि मागच्या बाकावरच्या मुलींनीही हात वर केले. मी असा पाठ त्या शाळेत फार वेळा बघितलेला नाही. खोलीत येऊन मी लिहिलं, "विषयाचे ज्ञान चांगले. उच्चार अत्यंत अशुद्ध. विद्यार्थ्यांच्या भाषेवर अनिष्ट परिणाम संभवतो. कायम करण्यापूर्वी पुनर्विचार व्हावा."

अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं होतं. बाईंनी उभ्यानं वाचलं, 'वाचले' असं लिहून सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली. जाताना म्हणाल्या, "'अशुद्ध'मधला 'श' तुम्हाला छान येतो, हर."

एप्रिलमध्ये समितीची बैठक लागली. बाईंना पुढे ठेवायचं की नाही हे त्यात ठरणार होतं, आणि नाही ठरेल असं शाळेत सगळे धरून चालले होते. त्याच आठवड्यात बायको माहेरून आली. किनाऱ्यावर बातमी पोचलेली होती. मी वर्तमानपत्र वाचत होतो. तिनं पिशवी खाली ठेवली आणि खोचलेला पदर न सोडता तशीच माझ्यासमोर बसली.

"त्या बाईबद्दल तुम्ही लिहिलं?"

"हो."

"काय लिहिलं?"

मी शब्दन् शब्द सांगितला. 'अत्यंत'सुद्धा गाळला नाही.

"म्हंजे मलाच लिहिलं," ती म्हणाली. "पंचवीह वर्षं मी गप बहले, ती बहली नाय. म्हणून तिला." मग उठून पिशवीतलं सामान काढता काढता म्हणाली, "जाऊन हांगून टाका. नायतर मी येऊन हांगते. मला काय त्यांची भीती नाय."

मला तिचा राग आला नाही. एवढं लांब वाक्य त्या घरात तिनं पहिल्यांदा बोललेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या सचिवांकडे गेलो आणि शेरा चुकलाय, बदलायचाय म्हणालो. का चुकला ते सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. भला माणूस. म्हणाले, एवढं कशाला मनाला लावून घेता, असं होतं. खाडाखोड नको. उद्या पुन्हा एकदा पाठ बघा आणि खाली लिहा, उच्चारात समाधानकारक सुधारणा. मी बैठकीत तेवढंच वाचतो. बाई राहतील, विषय संपेल.

हे इतकं सोपं होतं की मी अर्धा दिवस तेच धरून बसलो. बाईंची नोकरी राहते. मी ठाण्याचा राहतो. बायकोला सांगता येतं की निस्तरलं. मधल्या सुट्टीनंतर मी बाईंना शोधत गेलो. त्या रिकाम्या वर्गात पेपर तपासत होत्या. मी उभा राहूनच सचिवांनी सुचवलेलं सांगितलं.

"सुधारणा?" बाई म्हणाल्या. पेन थांबलं नाही. "माझं काय बिघडलेलं?"

मी म्हणालो, नोकरी तर राहील.

"राहील. आणि त्या वहीत मी जन्मभर सुधारलेली बाई राहीन. उद्या दुहरी कोणी आली माझ्याहारखी, तर तिला तेच दाखवाल." पेपर उलटा ठेवून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला माफ करायचं की नाय ते मला आता हांगता येत नाय, हर. पण एकदा खोटं लिहिलंत. दुहऱ्यांदा लिहू नका."

मी तिथून निघालो तेव्हा ठरलेलं होतं. फार काही वाटलं वगैरे नाही. पोहता येणारा माणूस पाण्यात उतरायचं ठरवतो, तेवढंच.

बैठक शनिवारी शाळेच्या कार्यालयात झाली. मुख्याध्यापक, सचिव, समितीचे दोघं आणि अध्यक्ष. अध्यक्ष घोलवडचे, चिकूच्या वाड्या आहेत त्यांच्या, घरचे गुजराती. मराठी बोलता बोलता मधेच गुजराती येते आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. बाईंचा विषय निघाला. सचिवांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे मी नवा शेरा द्यावा. मी उठलो.

"मी हांगतो ते आधी ऐकून घ्या," मी म्हणालो.

तो 'हांगतो' निसटलेला नव्हता. तो मी दाराबाहेरच ठरवून आणलेला होता. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं. मी कुठल्या वस्तीतला, घरी सातला काय म्हणतात, बाईंनी मला कसं ओळखलं, शेरा का लिहिला. नक्कल करायचो तेही सांगितलं. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता, पण तो थांबत नव्हता.

अध्यक्षांना आधी नीट उमगलंच नाही. त्यांनी सचिवांना विचारून घेतलं की भांडण नेमकं कशावरून आहे. मग ते हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अमारे घेर पण हात ज बोले. एमां हुं थयुं?"

म्हणजे, आमच्या घरीही हातच म्हणतात, त्यात काय झालं. खरंच म्हणत होते. त्यांच्या त्या वाक्यातही 'शुं'मधल्या 'श'चा 'ह' झालेला मी ऐकला. छत्तीस वर्षं ज्याला घाबरलो ते त्या माणसानं पानाच्या देठासारखं खुडून टाकलं. बाकीचेही हसले, आणि बैठक त्या हसण्यावर सहज पुढे निघून गेली असती.

"साहेब," मी म्हणालो, "तुम्ही बोललात तर कोणी हसत नाही. वाडी तुमची आहे. बाई बोलल्या की हसतात. आणि हसवणारा मी होतो. म्हणून नुसतं सोडून देऊ नका. मला इथं, तुमच्यासमोर, त्या वहीत लिहू द्या."

सचिवांना ते आवडलं नव्हतं. अध्यक्षांनी हसणं आवरलं आणि म्हणाले, "हारु, बरं. लिहा."

मी जुन्या शेऱ्याखाली लिहिलं, "वरील शेऱ्यातील उच्चारासंबंधीचा मजकूर द्वेषाने व भीतीने लिहिलेला आहे. बाई माझ्याच बोलीत बोलतात. त्या बोलीत काहीही अशुद्ध नाही. पाठ उत्कृष्ट होता व तो मी त्याच दिवशी ओळखला होता." सही केली. बाईंना आत बोलावलं. त्यांनी दोनदा वाचलं, 'वाचले' लिहिलं आणि सही करून बाहेर गेल्या. समितीनं त्यांना कायम करायचं त्याच बैठकीत ठरवलं. आदेशाचं पत्र जूनमध्ये आलं.

बाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. नमस्कार होतो. त्या खोलीत आल्या की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचो, ते आता बंद केलंय. त्यांना माझ्यासमोर बसायचं नसेल तर त्यांनी उठावं, तो हक्क त्यांचा आहे.

सोमवारी शाळेत सगळ्यांना कळलेलंच होतं. चहा आला. मी खुर्चीत बसलो. खेळाच्या सरांनी किटली उचलली, इकडेतिकडे बघितलं आणि तोंड वाकडं करून मला विचारलं, "काय हर, हाखर हिती?"

दोघंतिघं हसायच्या बेतात होते. खिडकीपाशी बाई वह्या लावत होत्या, त्यांचे हात थांबले.

"'क'चा 'ह' होत नाही आमच्यात," मी म्हणालो. "फक्त 'स'चा होतो. हाखर किती, असं विचारायचं. पुन्हा म्हणा बघू."